कॅलिब्रेशन ऑटोवर ठेवायचं की मॅन्युअलवर?

एडी९३६१ किंवा तिच्या भावंडांपैकी एखादी चिप असलेला एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) हातात आला की कॅलिब्रेशन मोडकडे, म्हणजे चिपने स्वतःचे दोष मोजून कधी दुरुस्त करायचे ते ठरवणाऱ्या सेटिंगकडे, कोणी बघत नाही. ऑटो असतो, काम चाललेलं असतं. मीही बरेच महिने तसंच चालवलं, मग मॅन्युअलकडे वळलो.

रिसीव्ह बाजूचं फार बोलायला नको. आय-क्यू असमतोल (सिग्नलच्या आय आणि क्यू या दोन वाटांमधला गेन-फेजचा फरक) आणि डीसी ऑफसेट (मध्यभागी उरणारा स्थिर दोष) यांचं ट्रॅकिंग चिप सतत करते, ते चालू राहू द्या. खरा प्रश्न ट्रान्समिटचा.

लिनक्स ड्रायव्हरच्या ऑटो मोडमध्ये ट्रान्समिटचं क्वाड्रेचर कॅलिब्रेशन (आय-क्यू असमतोलाची दुरुस्ती) पुन्हा चालतं, पण एलओ (लोकल ऑसिलेटर, म्हणजे ट्यून केलेली मधली फ्रिक्वेन्सी) मागच्या कॅलिब्रेशनपासून १०० मेगाहर्ट्झपेक्षा जास्त सरकला तरच. हे मला ठाऊक नव्हतं. बेंचवर, अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावून, ४३५ मेगाहर्ट्झला सिग्नल स्वच्छ दिसायचा आणि ५२० ला गेलं की एलओच्या पलीकडे प्रतिमा (असमतोलामुळे उमटणारी सिग्नलची आरशातली नक्कल) डोकं वर काढायची. दोन संध्याकाळी मी पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या बायसला दोष देत बसलो. मग सहज ७०० ला जाऊन ५२० वर परत आलो, तर प्रतिमा गायब! तीच फ्रिक्वेन्सी, तेच गेन, पण कुठून आलो त्यावर निकाल वेगळा. हे मला सहनच होईना. गेनमध्ये ०.१ डीबी आणि फेजमध्ये १ अंश एवढी चूक राहिली, तरी प्रतिमा जेमतेम ४० डीबी खाली जाते.

मॅन्युअलमध्ये ट्यून केल्यावर आपणच टीएक्स-क्वाड, म्हणजे हेच ट्रान्समिट कॅलिब्रेशन, चालवायचं. विसरलात तर चूक तुमची, पण निदान कुठे शोधायची ते कळतं. बोर्ड तापून स्थिर झाल्यावर एकदा पुन्हा चालवा.

लिनिअरिटी (सिग्नल न बिघडवता वाढवण्याची क्षमता) तपासायची असेल तर दोन टोन एलओच्या एकाच बाजूला ठेवा, समजा +१०० आणि +१३० किलोहर्ट्झ. मग तिसऱ्या क्रमाची उत्पादनं (दोन टोन मिसळून तयार होणारे नको असलेले सिग्नल) +७० आणि +१६० वर येतात, प्रतिमा −१०० आणि −१३० वर. दोष वेगळे ओळखू येतात. टोन एलओच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवले तर एकाची प्रतिमा दुसऱ्याच्या अंगावर बसते आणि आपण फसतो. टोन १ डीबीने उतरवले की ही उत्पादनं साधारण ३ डीबीने उतरतात. मात्र सगळी घट डिजिटल अँप्लिट्यूडमधून करू नका. एलओची गळती (आउटपुटमध्ये झिरपणारा एलओचा सिग्नल) जागच्या जागी राहते आणि सिग्नलच्या तुलनेत जास्त बोचते. चिपचा अ‍ॅटेन्युएटर दोन्ही बरेचसे एकत्र खाली आणतो.

रुंद पट्ट्यात सारख्या उड्या मारणाऱ्यांना कदाचित ऑटोच बरा वाटेल, त्यांच्याशी वाद नाही. मी मात्र ट्यूनिंगच्या फंक्शनमध्ये शेवटी टीएक्स-क्वाड चालवणारी एक ओळ टाकून ठेवली आहे. नुसतं ऐकणार असाल तर या सेटिंगला हात लावायची गरजच नाही.