25,960 रुपयांचा 'चान्स रिपोर्ट', 5 पैकी 2 स्टार

नाव लिहिणार नाहीये, आधीच सांगून ठेवते. पुण्यातली एक कन्सल्टन्सी आहे परदेशी शिक्षणाची, काचेचं ऑफिस, गारेगार एसी आणि भिंतभर मुलांचे फोटो, प्रत्येकाच्या अंगात कुठल्यातरी युनिव्हर्सिटीचा टीशर्ट. त्यांची 'प्रोफाइल इव्हॅल्युएशन' म्हणून सर्व्हिस आहे, म्हणजे तुमच्या पोराची सगळी माहिती घेऊन अमेरिकेतल्या एकदम वरच्या कॉलेजांत लागायचे चान्स किती टक्के ते सांगतात. 22 हजार अधिक 18 टक्के जीएसटी, झाले 25,960. आम्ही जून 2024 ला घेतली. आता मुलीचं सगळं होऊन गेलंय, डोकं शांत झालंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही देवगडचे. नवरा आणि सासरे बाग बघतात, मी पतसंस्थेत कर्ज विभागात, 16 वर्षं झाली. मुलगी तेव्हा अकरावी सायन्स झालेली. तिच्या डोक्यात अमेरिकेतलं एमआयटी कुठून शिरलं देव जाणे, यूट्यूबवरूनच असणार, पण शिरलं ते निघेना. आणि इकडे विचारणार कोणाला? कॉलेजचे सर भले माणूस, पण त्यांनी जन्मात सीईटी, जेईई, नीट एवढंच बघितलेलं. मग काय, रात्रीची गाडी, फोंडा घाट, कोल्हापूर, पहाटे पुणे, स्वारगेटला तोंड धुतलं, चहा मारला आणि साडेदहाला त्यांच्या दारात.

मीटिंग 50 मिनिटांची. काउन्सेलर सूटबूटवाला, बोलायला गोड. नववीपासूनचे मार्क, एसएटी म्हणजे तिकडची प्रवेशपरीक्षा, त्यात 1600 पैकी 1510 (गणित 790, इंग्रजी 720, ही परीक्षा द्यायला पण आधी एकदा पुण्याची वारी झालेलीच), घरचं उत्पन्न, मग म्हणाला अ‍ॅक्टिव्हिटी सांग. पोरगीने बावींचं, म्हणजे विहिरींचं, सांगितलं. आमच्या वाडीत आणि खालच्या दोन वाड्यांत मिळून 11 बावी आहेत, ही नववीपासून दर रविवारी दोरीला गाठी मारून पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहिते. कारण एवढंच की पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर कोसळतो आणि मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते हे तिला पटत नव्हतं. आता जांभ्या दगडात पाणी ठरत नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीतच आहे, पण कुठल्या बावीचं किती दिवसांत उतरतं हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, ते हिने ठेवलं. तर साहेब म्हणाले "नाइस हॉबी" आणि पुढच्या रकान्यात गेले. वर सुचवलं काय, तर त्यांच्याच ओळखीतला रिसर्च प्रोग्राम, 60 हजार, शेवटी पेपर छापून देतात. नाही घेतला. इथे मला पहिली शंका आली होती खरं तर, पण पैसे भरून झालेले.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला, 14 पानं, गुळगुळीत कागद, प्रत्येक कॉलेजपुढे गाडीच्या स्पीडोमीटरसारखं चित्र. एमआयटी 21.7 टक्के. प्रिन्स्टन 19.4. असे आठ 'रीच' (लागणं कठीण), मग तीन 'टार्गेट' (जमण्यासारखी), दोन 'सेफ' (हमखास).

ते पॉइंट सात बघून मला हसूच आलं. आमच्याकडे कर्जाचा अर्ज येतो तेव्हा उत्पन्न बघतो, जामीन बघतो, मागची थकबाकी बघतो, आणि एवढं करून सुद्धा माणूस हप्ते भरेल की नाही हे मी पॉइंटमध्ये लिहिलं तर मॅनेजर मला घरी पाठवतील.

पण खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस आम्ही खूश होतो. 21 टक्के म्हणजे पाचातली एक संधी ना. आपल्याला कटऑफची सवय असते. कॅप राउंडला, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेरीला, गेल्या वर्षीचा कटऑफ बघायचा, आपला पर्सेंटाइल बघायचा, लागतंय की नाही ते घरबसल्या कळतं. आयआयटीचं पण तसंच, कुठल्या ब्रँचला शेवटचा रँक काय होता ते जोसाच्या, म्हणजे आयआयटी प्रवेशाच्या, साइटवर पडलेलं असतं. तिकडे तसं नाहीच हे मला जूनमध्ये कोणीतरी सांगायला हवं होतं आणि त्याचे मी 25,960 द्यायला तयार होते. तिकडे मार्क आणि एसएटी म्हणजे उंबरठा. तो ओलांडलेली मुलं इतकी असतात की त्यातून निवडायचं कसं हाच त्यांचा प्रश्न असतो, म्हणून मग निबंध, शिक्षकांची पत्रं, मुलाने आपणहून काय केलं, आणि त्या वर्षी त्यांना वर्गात कोण कोण हवंय.

तिसऱ्या दिवशी मी आकडे काढत बसले. 2024 मध्ये हार्वर्डला 54,008 अर्ज आले, घेतले 1,937, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या जरा वर. एमआयटीला 28,232 अर्ज, घेतले 1,275, साडेचार टक्के. आणि एमआयटी बाहेरच्या देशातल्या मुलांचे आकडे वेगळे छापते, तिथला दर 2 टक्क्यांच्या आसपास आहे. मग माझ्या पोरीचे 21.7 आले कुठून? ती गणितात तिथे बसते हे खरं, त्यांनी घेतलेल्या मधल्या निम्म्या मुलांचे गणिताचे मार्क 780 ते 800 आहेत, पण इंग्रजीचे 740 ते 780, तिथे ही खालीच.

बरं तो सरासरीचा टक्का पण सगळ्यांना सारखा नसतो. प्रवेशात वंश बघतात म्हणून हार्वर्डवर जी केस झाली, 2023 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला ती, त्यात आधीच्या वर्षांची आतली आकडेवारी बाहेर आली. तेव्हा ज्यांचे आईबाप तिथेच शिकले त्यांना साधारण 33 टक्के दराने प्रवेश मिळत होता आणि बाकीच्यांना 6 च्या आसपास. खेळाडू, देणगीदारांच्या यादीतले, प्राध्यापकांची मुलं यांची रांग वेगळीच. म्हणजे जो साडेतीन टक्का आपण वाचतो त्यात ही सगळी मंडळी मिसळलेली असतात, देवगडच्या पोरीच्या वाट्याला त्यातलं किती उरतं ते ज्याचं त्याने समजावं.

फोन करून विचारलं. तर म्हणे मॅडम तुम्ही एकेक कॉलेज बघू नका, आठ ठिकाणी 20-20 टक्के धरले तर किमान एक लागायचे चान्स 83 टक्के होतात. गणित बरोबर आहे, मी कॅल्क्युलेटरवर केलं, 0.8 आठ वेळा गुणलं की 0.17 उरतात. पण हे फासे टाकल्यासारखं धरलंय, एका फाशाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं. इथे आठही ठिकाणी तीच मुलगी, तेच इंग्रजीचे मार्क, तीच शिफारसपत्रं, तोच निबंध. एकाला जे खटकलं ते दुसऱ्याला पण खटकणार. सासरे झोपाळ्यावर बसून हे सगळं ऐकत होते, त्यांना टक्केवारी समजावायची गरजच पडली नाही. म्हणाले, "मोहोर बगून पेटये मोजूचे नसतत गो. एक अवकाळी इलो काय तुझी बाग काय नि माझी बाग काय, सगळाच काळा." ज्याच्या आठ बागा एकाच सड्यावर आहेत त्याला हे 50 मिनिटांत कळतं.

आणि भिंतीवरचे ते फोटो. मी विचारलं तुमच्याकडून गेल्या वर्षी एमआयटीला किती मुलांनी अर्ज केला? लागलेल्यांची नावं पाठ होती, अर्ज किती ते 'डेटा टीमकडून घेऊन सांगतो'. अजून घेतायत.

पण सगळ्यात मोठी चूक टक्क्यांची नव्हती, पैशांची होती, आणि कापलेल्या तीनपैकी दोन स्टार यासाठी. मीटिंगमध्ये उत्पन्न विचारलं होतं, रिपोर्टच्या हिशोबात ते कुठेच नाही. आता आम्ही काही वर्षाला 80 हजार डॉलर भरणारे लोक नाही, मदत मिळाली तरच जाणार. आणि मदत मागितली की चान्स बदलतो! काही मोजकी कॉलेजं बाहेरच्या मुलांचा पण अर्ज बघताना पैशाकडे बघत नाहीत आणि घेतलं तर लागेल तेवढी मदत देतात, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन ही त्यातली. बाकी बहुतेक ठिकाणी, अगदी स्टॅनफर्डला सुद्धा, बाहेरच्या मुलाने मदत मागितली तर ते निवडताना विचारात घेतलं जातं. म्हणजे आमच्यासारख्यांसाठी यादी उलटीच व्हायला पाहिजे होती. जिथे लागणं सगळ्यात कठीण तिथेच लागलं तर परवडणार, आणि जे 'सेफ' म्हणून हिरव्या रंगात छापलं होतं ते आमच्यासाठी सेफ नव्हतंच. तेच झालं. त्या हिरव्यातल्या एकाने मार्चमध्ये घेतलं, 15 हजार डॉलरची स्कॉलरशिप पण दिली, आणि तरी वर्षाला 45 लाखांच्या आसपास आमच्या अंगावर. प्रवेशाचं पत्र छान आहे, सासूबाईंनी देवापुढे ठेवलं होतं.

आता दोन स्टार कशाचे ते पण सांगते, नाहीतर अन्याय होईल. तिथे एक तरुण मुलगी होती निबंध बघणारी, रिपोर्टबरोबर तिचा एक तास फुकट होता. तिने साहेबांचा सगळा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पोरीला म्हणाली मला ती वही दाखव. वहीवरच दीड तास बोलली. अर्जात अ‍ॅक्टिव्हिटीला 150 अक्षरंच मिळतात, त्यात '11 विहिरी, 3 वर्षं, दर रविवार' हे आधी लिही म्हणाली, 'पाण्याविषयी जनजागृती' वगैरे नको. मुख्य निबंध 650 शब्दांचा, तो पण मे महिन्यातल्या एकाच रविवारवर लिहून घेतला. शिवाय आमच्या प्रिन्सिपलांनी जे पत्र दिलं होतं ते बघून तिने डोक्याला हात लावला. सरांनी आपलं नेहमीचं, सदर विद्यार्थिनी आज्ञाधारक असून तिची वर्तणूक चांगली आहे, तिला मी ओळखतो, असं बोनाफाइडच लिहून शिक्का मारलेला. तिने फोनवर सरांना समजावलं की सर वर्गात झालेला एखादा प्रसंग लिहा, तिने तुम्हाला कधी अडचणीत टाकणारा प्रश्न विचारलाय का? सर म्हणाले रोज विचारते. मग तेच लिहिलं, दोन पानं, आणि सुंदर लिहिलं. कोकण बोर्ड हे वेगळं विभागीय मंडळ आहे, निकाल दरवर्षी राज्यात पहिला असतो (2024 ला बारावीचा 97.51 टक्के), त्यामुळे पास होण्यात काही विशेष नाही पण वर्गात पहिली असण्यात आहे, हे कॉलेजच्या माहितीत घालायला पण तिनेच लावलं. साहेबांना तर कोकण बोर्ड वेगळं आहे हेच नवीन होतं.

ज्यांना पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी, हे मला नंतर कळलं. बरीचशी अमेरिकन कॉलेजं 'कॉमन डेटा सेट' नावाची पीडीएफ दरवर्षी टाकतात, फुकट. त्यात सी1 मध्ये अर्ज किती आणि घेतले किती, सी7 मध्ये कशाला किती महत्त्व देतात त्याचा तक्ता, सी9 मध्ये एसएटीचे आकडे, आणि आमच्यासारख्यांनी सगळ्यात आधी उघडायचं ते एच6, बाहेरच्या देशातल्या किती मुलांना मदत दिली आणि सरासरी किती. एक संध्याकाळ पुरते, त्या 14 पानांपेक्षा जास्त कळतं. आणि एज्युकेशन-यूएसए म्हणून अमेरिकन सरकारचं सल्ला केंद्र आहे, मुंबईत पण आहे, सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो तो मात्र आईबापांनी स्वतः बसून भरा, आंब्याचं उत्पन्न एका वर्षी आहे, दुसऱ्या वर्षी नाही, हे त्यांना समजावायला मला तीन रात्री लागल्या, त्यांच्या फॉर्ममध्ये थ्रिप्सला (मोहोरावरच्या किडीला) रकाना नाही.

निकालाचं थोडक्यात. एमआयटी दरवर्षीसारखं 14 मार्चला लावते, पाय डे म्हणून, त्यांच्या संध्याकाळी 6:28 ला, म्हणजे आपल्याकडे पहाटे 3:58. लाइट गेलेली, मोबाइलवर बघितलं, नाही. प्रिन्स्टन नाही. बाकीच्या सहा रीचपैकी एका ठिकाणी वेटलिस्ट, ती पुढे हललीच नाही. पोरगी एक दिवस रडली, दुसऱ्या दिवशी रविवार होता तर दोरी घेऊन बावीवर गेली. सीईटी दिलेली होतीच, कॅपमधून सिव्हिल घेतलंय, ते पण पाण्याच्या वेडापायी.

रिपोर्ट चूक ठरला असं मी म्हणत नाहीये हां, 21.7 टक्के म्हटलं की नाही लागलं तरी तो बरोबर आणि लागलं असतं तरी बरोबर, तीच तर त्याची गंमत आहे. घ्यायचंच असेल तर फक्त त्या निबंधवाल्या मुलीचा तास मागा, ती अजून तिथे असेल तर.

आणि हो, रिपोर्टच्या स्पायरल बाइंडिंगचे आणि कुरिअरचे 350 वेगळे घेतले, ते वरच्या 25,960 मध्ये धरलेले नाहीत.