टीयूआरपी की होलेप? नळीला वैतागलेल्याचं मत

गोळ्यांनी आता भागत नाही, वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचं ऑपरेशन करायचंच, इथवर आलात की बहुधा टीयूआरपी आणि होलेप ही दोन नावं समोर येतात. दोन्ही लघवीच्या मार्गातून दुर्बिणीने करतात. टाके दोन्हींत नाहीत. लघवीची धार दोन्हींनी मोकळी होते आणि मध्यम आकाराच्या ग्रंथीत त्या बाबतीत डावं-उजवं करणं कठीण आहे.

माझा निर्णय झाला तो कॅथेटरमुळे, म्हणजे लघवीच्या नळीमुळे. लघवी पूर्ण तुंबल्यावर नळी घालावी लागली होती. दुखण्यापेक्षा तिची कटकट जास्त. कुशीवर वळलं की ओढ बसते, मूत्राशय मध्येच आवळतं, लघवी लागल्यासारखं वाटत राहतं आणि पिशवी सांभाळत चालायचं. त्यामुळे डॉक्टरांना माझा पहिला प्रश्न ‘नळी कधी निघेल?’ हाच होता. टीयूआरपीत ग्रंथी आतून खरवडतात, रक्तस्राव तुलनेने जास्त, म्हणून नळी सहसा थोडी अधिक राहते. होलेपमध्ये वाढलेला भाग लेसरने कवचापासून अख्खा सोडवून, मूत्राशयात बारीक करून बाहेर ओढतात. रक्त कमी जातं, नळी बहुधा लवकर निघते. मी होलेप केलं आणि माझी खरोखरच लवकर निघाली.

त्याची किंमत वेगळ्या रूपात मोजली. सुरुवातीला खोकलं, शिंकलं, खुर्चीतून उठलं की थेंब गळायचे. हा त्रास होलेपनंतर जरा जास्त दिसतो, बहुतेकांचा काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतो. माझाही ओसरला. पॅड बदलणं मला नळीपेक्षा परवडलं. तुम्हाला कदाचित उलट वाटेल.

ग्रंथी ८० ग्रॅमच्या पुढे असेल तर मात्र मी फार विचार करणार नाही, होलेपच. टीयूआरपीत मागे राहिलेला भाग वाढून पुढे काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यताही जास्त असते.

वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणं दोन्हींत बहुतेकांना होतं. ते चालणार नसेल तर युरोलिफ्टबद्दल विचारा, त्यात ग्रंथी न कापता बारीक इम्प्लांटने बाजूला ओढून धरतात. आराम कमी मिळतो, पण हा प्रश्न सहसा येत नाही.

एक अडचण खरी आहे: होलेपवर हात बसायला वेळ लागतो. तुमचे सर्जन ते क्वचितच करत असतील, तर त्यांच्याकडून टीयूआरपी करून घेतलेली बरी. नियमित करणारे कुणी गाठता येत असतील, तर तारीख थोडी पुढे गेली तरी मी थांबेन. लघवी तुंबलेली असेल, तर किती थांबायचं ते डॉक्टर ठरवतील.