गंगव्वा काय म्हणाली? ४५ मिनिटं, १,५०० रुपये

आधी हिशेब सांगतो. जन्मभर गणित शिकवलंय, ती खोड जात नाही. व्हिडिओ कॉलवर जनावराच्या मनातलं सांगणारी ही सेवा ४५ मिनिटांचे १,५०० रुपये घेते. गंगव्वाचं दूध आम्ही ६० रुपये लिटरनं घालतो, म्हणजे सरळ पंचवीस लिटर दूध गेलं. पाचपैकी दीड तारा देतोय. अर्धा तारा कसला, ते पुढं कळेल.

गंगव्वा ही आमची म्हस. बेळगावातल्या वडगावात घरामागं गोठा आहे. शेती गेली, गोठा सुटला नाही. बैलहोंगलच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडून तिला आणली, नाव तिकडचंच ठेवलं. घरात आम्ही मराठी, तिच्याशी मात्र कन्नड. ‘बा अव्वा, बा’ म्हटलं की येते, ‘निंद्र’ म्हटलं की उभी राहते. पहिले आठ दिवस मी ‘ये ये, हो हो’ करून घसा कोरडा केला, तिनं कानसुद्धा हलवला नाही. भाषेवरून आमच्या सीमाभागात काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोठ्यात मी बिनशर्त माघार घेतली.

गणपती उरकले आणि सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. बायको निपाणीला गेली. धार तीच काढायची, आता माझ्यावर आली. तिसऱ्या दिवसापासून गंगव्वानं पान्हा चोरला. सकाळी चार लिटर देणारी म्हस अर्ध्या लिटरवर. वैरण तीच, पेंड तीच. गल्लीतल्या एकानं पान्हा सोडवायचं इंजेक्शन सुचवलं, त्याला गोठ्याबाहेर काढलं. मग बंगळुरात आयटीत असलेल्या पुतणीनं माझ्या नावानं ही सेवा बुक केली. ‘काका, माझ्या मैत्रिणीच्या कुत्र्याचं अगदी बरोब्बर सांगितलं!’

डोळे स्पष्ट दिसतील असा फोटो मागितला होता, तो पाठवला. ठरल्या वेळी बाई हजर. बोलणं मऊ, हिंदी-इंग्रजी. डोळे मिटून म्हणाल्या, ‘ती उदास आहे. कुणाची तरी उणीव जाणवतेय.’ मी गप्प. ‘घरातलंच माणूस... बहुतेक स्त्री.’ आणि मी पटकन बोलून गेलो, ‘हो, आमची मंडळी निपाणीला गेलीय!’ झालं. पुढची वीस मिनिटं गंगव्वा फक्त माझ्या बायकोबद्दल बोलत होती. तिला घरातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या दुखण्याची काळजीही होती. ते दुखणंही मीच मघाशी सांगितलं होतं.

इथं मला हान्स आठवला. वर्गात शेवटच्या तासाला हमखास सांगायचो ही गोष्ट. बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाचा निवृत्त गणित मास्तर होता, म्हणजे माझ्याच जातकुळीतला. त्याचा घोडा हान्स बेरीज-वजाबाकी करायचा आणि उत्तर टापा आपटून द्यायचा. १९०४ साली चौकशी समिती बसली, तिला लबाडी काही सापडली नाही. पुढं ऑस्कर फुंग्स्टनं बारकाईनं तपासलं. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं, किंवा घोड्याला तो दिसत नसला, की हान्स नापास. घोडा गणित करतच नव्हता. टापा बरोबर आकड्याला पोचल्या की माणसाचं डोकं केसभर हलायचं आणि घोडा थांबायचा. गंमत अशी की ही खूण कळल्यावरसुद्धा फुंग्स्टला स्वतःचं डोकं हलायचं थांबवता येईना.

तेव्हा ‘रेंज जातेय’ असं सांगून मी कॅमेरा बंद केला. विचारलं, ‘गंगव्वाची आजवर किती वेतं झाली, ते तिलाच विचारता काय?’

‘दोन...’ बाई थांबल्या. मी श्वाससुद्धा जपून घेतला. ‘तीन...?’ परत थांबल्या. पलीकडं पंख्याची घरघर ऐकू येत होती. ‘तीन,’ म्हणाल्या.

चार. चौथं रेडकू समोर दाव्याला बांधलेलं होतं, फोटोत तेवढं आलं नव्हतं.

बाई लबाड आहेत असं मी म्हणत नाही. ओस्टेनही लबाड नव्हता. त्यांना खरंच वाटत असेल की आपण म्हशीचं ऐकतोय. ऐकत होत्या त्या माझं, आणि चांगलं ऐकत होत्या. त्याचा एक तारा. उपाय मात्र असा दिला की रोज संध्याकाळी गोठ्यात बसून मनातल्या मनात गंगव्वाकडं गुलाबी प्रकाश पाठवायचा. दोन दिवस पाठवलाही. तिसऱ्या दिवशी तिनं चरवीला लाथ घातली.

मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरना बोलावलं. त्यांनी ताप बघितला, कास दाबून बघितली, कासदाह नाही म्हणाले. आणि एकच प्रश्न विचारला, ‘धार कोण काढतंय?’ मी म्हणालो, मी. ‘कुठल्या बाजूला बसून?’ उजव्या. डावा गुडघा दुमडत नाही माझा. बायको डावीकडं बसते. तिला फोन लावला तर ती ओरडलीच, ‘उजवीकडं बसलासा काय? आणि काय केलासा तिला?’

डॉक्टरांनी सांगितलेलं लक्षात ठेवण्यासारखं आहे. म्हशीच्या कासेत खाली साठून राहिलेलं दूध अगदी थोडं असतं, बाकीचं वर ग्रंथींमध्ये. ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरल्याशिवाय ते खाली येत नाही, आणि म्हस बिचकली की सगळं अडतं. गाईपेक्षा म्हशीला पान्हा सोडायला वेळही जास्त लागतो. रोजचा हात, रोजचा आवाज, भांड्याचा खडखडाट, ह्या तिच्यासाठी खुणा आहेत.

आम्ही फोन स्पीकरवर टाकला. निपाणीहून बायको ‘बा अव्वा’ म्हणाली. गंगव्वाचे दोन्ही कान फोनकडं वळले, मान वळली, एक हुंकारही आला. दूध नाही आलं! मग बायकोचं जुनं लुगडं खांद्यावर घेतलं, पाटावर पाट ठेवून डावीकडं बसलो, आधी आंबोण पुढं केलं आणि ‘निंद्र, निंद्र’ करत थांबलो. दोनेक मिनिटांनी कास भरली. अडीच लिटर.

आता कुणी म्हणेल, हा काही संवाद नव्हे, नुसती सवय. पण दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात या आणि बघा. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं-कवड्या बांधलेल्या म्हशी रस्त्यानं पळवतात. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा फडफडाट, फटाके, हजार माणसं, आणि त्यात म्हस आपल्याच मालकाच्या गाडीमागं धावते. आफ्रिकेत हनीगाइड नावाचा रानपक्षी आहे, कुणी पाळलेला नाही. तो माणसांना मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो. मोझांबिकमधले याओ लोक त्याला ‘ब्र्र्र-हम्’ करून बोलावतात, टांझानियातले हाड्झा शीळ घालतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पक्षी आपल्या मुलखातल्या हाकेला जास्त ओ देतो, परक्या हाकेला कमी. वाचलं तेव्हा गंगव्वा आणि माझं ‘हो हो’ आठवलं.

राहिला अर्धा तारा. पैसे परत मागितल्यावर उत्तर वेळेवर आलं, त्याचा. ‘त्या दिवशी जनावर मोकळं होत नव्हतं’ असं लिहिलंय. पैसे आले नाहीत.

पुतणीला हे सगळं सांगितलं, तरी तिनं आपल्या बोक्यासाठी पुढच्या शनिवारची वेळ घेतलीच. एक अट मात्र मी घातली आणि तिनं मानली, कॉलवर मी बसणार. त्या बोक्याला मी अजून एकदाही पाहिलेला नाही.