सोन्याच्या ‘स्पेशालिस्ट’ला दिलेले ३४,३०० रुपये

सोन्या आमचा लॅब्रॅडोर, सहा वर्षांचा. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचा मिरची कुटायचा डंक आहे आणि त्याच्याच जोडीला घरगुती कांदा-लसूण चटणीचा धंदा. त्या डंकाच्या धडधडीत हा कुत्रा लहानाचा मोठा झाला. उन्हाळ्यात डंकापुढे गिऱ्हाइकांची रांग असायची आणि हा पायरीवर पाय ताणून झोपलेला. गेल्या पावसाळ्यात मात्र त्याचं काहीतरी बिनसलं. भांडं पडलं तरी दचकायला लागला. डोक्यावरून हात फिरवायला गेलं की गुरगुरायला लागला. गणपतीत तर कहर झाला. मिरवणुकीच्या साउंड सिस्टीमने खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि हा पलंगाखाली शिरून तिथेच घाण करून बसला. सासूबाईंनी त्याला बाहेर घ्यायला हात घातला तर त्यांच्या बोटांपाशी त्याने कडकन दात वाजवले. लागले नाहीत एवढंच.

ज्या बाईने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं तिच्यावर तो दात काढतोय, हे बघून घरात कुणाला जेवण गेलं नाही.

आमच्या भागात एक पशुवैद्य आहेत, सोन्याच्या सगळ्या लसी त्यांच्याकडेच झाल्या. त्यांच्याकडे न्यावं असं हे म्हणत होते. मीच म्हटलं की ते लसी, जंत, ताप बघतात, वागणुकीला वेगळा तज्ज्ञ लागतो. माझी पहिली चूक इथे झाली आणि त्या माणसाला नेमकी तीच हवी होती. मोबाइलवर त्याची जाहिरात दिसली. ‘पेट बिहेवियर स्पेशालिस्ट, डॉक्टर अमुक, शासनमान्य, परदेशी प्रशिक्षण, आता दर रविवारी कोल्हापुरात.’ फोन लावला. फार गोड बोलला. म्हणाला, “मॅडम, लोकल डॉक्टर फिजिकल बघतात, मी मेंटल बघतो. त्यांना विचारायला गेलात तर ते गोंधळात टाकतील.” अगदी माझ्या मनातलंच बोलला, त्यामुळे मला शंका आलीच नाही.

पहिली तपासणी व्हिडिओ कॉलवर, १,२०० रुपये. सोन्याला त्याने जेमतेम दहा मिनिटं बघितलं, तेही सोन्या कोपऱ्यात पाठ करून बसलेला असताना. निदान लगेच तयार होतं. हा घरातला ‘अल्फा’ झालाय, तुम्हाला कळपातले खालचे समजतोय, त्याला त्याची जागा दाखवली पाहिजे. आठ सेशनचं पॅकेज ३२,००० चं, आजच्या आज भरलं तर २४,०००. वर ‘शंभर टक्के रिझल्टची गॅरंटी’. यूपीआयवर पैसे पाठवताना नाव भलत्याच बाईचं आलं. विचारलं तर म्हणाला, आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत. पावती मागितली तेव्हा व्हॉट्सॲपवर लेटरहेडचा फोटो आला. त्यावर मोठ्या अक्षरात ‘शासनमान्य नोंदणी क्र.’ आणि पुढे उद्यम-एमएचने सुरू होणारा आकडा. या आकड्याचं पुढे सांगते.

रविवारी तो घरी आला. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. त्याने सोन्याला हात लावला तो फक्त गळ्यात पट्टा घालायला. कान बघितले नाहीत, दात बघितले नाहीत, पोट दाबलं नाही, कधीपासून असं होतंय हेही नीट विचारलं नाही. पट्टा विजेचा होता, ५,५०० रुपयांचा. आतल्या बाजूला धातूची दोन टोकं आणि आमच्या हातात रिमोट. गुरगुरला की बटण दाबायचं. पहिल्यांदा दाबलं तेव्हा सोन्याने जो आवाज काढला तो मी आजवर ऐकला नव्हता. माझा पोरगा उठून आतल्या खोलीत गेला. तो माणूस म्हणाला, “बघा, समजलं त्याला.”

पट्ट्यासोबत गोळ्या दिल्या, दोन वेळा मिळून ३,६०० रुपयांच्या. कागदाच्या पुडीत, स्ट्रिपचे कापलेले तुकडे. नाव असलेला भाग प्रत्येक तुकड्यावरून नेमका कापलेला. एका तुकड्याच्या कडेला तांबडी उभी रेघ तेवढी राहिली होती. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात अशा औषधांवर ती रेघ असते, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी सोन्या ‘बरा’ झाला. गुरगुरणं बंद. आवाजाला दचकणं बंद. दिवसभर पडून. ताटलीजवळ यायचा तोही पाय ओढत. आम्ही खूश. मी त्या माणसाला आभाराचा मेसेज पाठवला, तो त्याने पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवला असणार, याचं मला आजही वाईट वाटतं. जी औषधं कुत्र्याच्या भीतीवर, अस्वस्थतेवर रोज घ्यायची म्हणून खरे डॉक्टर देतात, त्यांचा गुण दिसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तिसऱ्याच दिवशी कुत्रं मेणाहून मऊ झालं तर तो गुण नसतो, गुंगी असते. हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर!

तिसऱ्या सेशननंतर त्याचं येणं थांबलं. गाडी बंद पडली, मग आई आजारी, मग फोन उचलेना. पट्टा मात्र आम्ही घालतच होतो.

भाऊबीजेला नणंदबाई इचलकरंजीहून आल्या. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा, सोन्याचा लाडका. सगळे ओवाळण्याच्या गडबडीत असताना तो सोन्याजवळ बसला आणि नेहमीसारखं त्याने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. सोन्या गुरगुरला नाही. कान मागे नाहीत, ओठ वर नाही, काहीच नाही. थेट पोराच्या मनगटाचा चावा घेतला. ताटातलं निरांजन विझलं, रक्त पाटावर सांडलं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, मग थेट सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेलं. त्याच दिवशी रेबीजचं पहिलं इंजेक्शन झालं, पुढची तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सोन्याची लस वेळच्या वेळी झालेली होती, तरी त्या पोराला सुया टोचताना मला त्याच्या आईकडे बघवत नव्हतं. नणंदबाई एक शब्द बोलल्या नाहीत. ओवाळणी न घेता गेल्या.

दुसऱ्या दिवशी सोन्याला आमच्या त्याच जुन्या डॉक्टरांकडे नेलं. खरं सांगायचं तर त्याला कुठेतरी सोडून यायचं किंवा इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं, हे विचारायलाच गेलो होतो.

डॉक्टरांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या तोंडाला पट्टी बांधली आणि उजवा कान उलटा केला. खोलीभर वास पसरला, आंबून गेलेल्या पिठासारखा. आतली कातडी सुजून लालभडक झाली होती आणि कॉफीच्या गाळासारखी तपकिरी घाण साचली होती. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यावर थोडी घाण घेऊन काचेवर पसरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. बुरशी होती. डावा कानही तसाच, जरा कमी. लॅब्रॅडोरचे कान लोंबते, आत हवा जात नाही, आणि आपल्याकडच्या पावसात दोन महिने कुत्र्याचं अंग नीट कोरडं होत नाही. डॉक्टर म्हणाले, “वहिनी, याला जुलैपासून कान ठणकतोय. डोक्याला हात लावला की कळ जात असणार. सांगणार कुणाला? गुरगुरून सांगत होता की.”

मग गळ्याचे केस बाजूला केले. पट्ट्याची दोन टोकं जिथे टेकायची तिथे दोन गोल जखमा, पिकलेल्या. केसांमुळे आम्हाला दिसल्याच नव्हत्या.

गुरगुरणं ही कुत्र्याची ताकीद असते. ती शिक्षा देऊन बंद पाडली की दुखणं तसंच राहतं आणि कुत्रं ताकीद न देता चावतं. भाऊबीजेला तेच झालं होतं. त्यात त्या गोळ्या. गुंगीच्या काही औषधांनी कुत्र्याचा आवरच सुटतो, ते जास्त चावरं होऊ शकतं. डॉक्टरांनी विचारलं, “काय देत होता?” मी पुडी पुढे केली. त्यांनी तुकडे उलटसुलट करून बघितले आणि ठेवून दिले. काही औषधं अचानक बंद केली तर उलटतात, हळूहळू कमी करावी लागतात. पण नावच माहीत नाही तर ठरवणार कशावरून? दोन दिवस सकाळ-संध्याकाळ सोन्याला दवाखान्यात दाखवत होतो. त्या दोन रात्री मी जमिनीवर त्याच्याशेजारी झोपले.

आता त्या आकड्याचं. मी डॉक्टरांना लेटरहेडचा फोटो दाखवला आणि म्हटलं, शासनमान्य आहे की. त्यांनी बघितलं आणि मलाच विचारलं, “तुमच्या चटणीच्या बिलबुकावर काय नंबर आहे?” मी घरी येऊन बिलबुक उघडलं. तोच साचा, उद्यम-एमएच आणि पुढे आकडे. लघुउद्योगाची नोंदणी. ऑनलाइन फुकट मिळते, मी स्वतः केलीय. चटणी विकायला मला जो नंबर आहे, तोच प्रकार दाखवून तो डॉक्टर म्हणून फिरत होता.

खऱ्या पशुवैद्याची नोंद वेगळी असते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्या कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्याशिवाय कुणालाही पशुवैद्य म्हणून जनावरांवर उपचार करता येत नाहीत, औषध लिहून देता येत नाही. बी.व्ही.एस्सी. ॲन्ड ए.एच. ही साडेपाच वर्षांची पदवी झाल्यावर राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत नाव नोंदवावं लागतं. आपल्या महाराष्ट्राची परिषद नागपूरला आहे. तो नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो, नसला तर सरळ मागायचा. खरा डॉक्टर रागावत नाही. आमच्या डॉक्टरांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं, सहा वर्षं मी त्या भिंतीखालच्या बाकावर बसत होते.

ट्रेनरचं तसं नाही. कुत्र्याला बस, थांब, चल शिकवणाऱ्याला कसला परवाना लागत नाही आणि चांगले ट्रेनर आहेतही. पण त्याने गोळी दिली, निदान केलं, नावाआधी डॉक्टर लावलं, तर पदवी आणि क्रमांक विचारलाच पाहिजे. अमेरिकेत पशुवैद्य झाल्यावर वागणुकीचाच वेगळा तज्ज्ञ होता येतं, तिथे त्यासाठी १९९३ पासून वेगळी संस्था आहे. त्या तज्ज्ञांचंही पहिलं काम दुखणं शोधणं हेच असतं. थायरॉइड, सांधे, दात, कान, नजर कमी होणं, फिट्स, यातल्या कशानेही कुत्र्याचं वागणं बदलतं. आमच्या डॉक्टरांनी सोन्याचं रक्तही तपासलं, थायरॉइड ठीक निघालं. गरज लागली तर साताऱ्याच्या पुढे शिरवळला सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे चिठ्ठी देतो म्हणाले. ती वेळ आली नाही. आणि तो ‘अल्फा’ प्रकार कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या अभ्यासातून निघालेला. लांडग्यांचे अभ्यासक असलेल्या ज्या डेव्हिड मीच (Mech) यांच्यामुळे तो जगभर पसरला, त्यांनीच पुढे मोकळ्या रानातले लांडगे अभ्यासून ती कल्पना चुकीची असल्याचं सांगितलं. रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि पोरं. हे वाचलं आणि मी तो रिमोट हातात घेऊन बसलेली मला आठवले.

पोलिसांत तक्रार दिलीय, सायबर पोलिसांकडेही अर्ज केलाय. ऑनलाइन पैसे गेल्यावर १९३० या हेल्पलाइन नंबरला लगेच फोन केला तर समोरच्या खात्यातले पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. आम्ही महिन्याने गेलो, तोवर खातं रिकामं होतं. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यूपीआयच्या नोंदी, लेटरहेड, पट्टा, पुड्या सगळं जपून ठेवलंय आणि त्याच्या प्रती दिल्यात. तुमचं असं काही झालं असेल तर लाजेने मेसेज पुसून टाकू नका. मी पहिल्या रागात निम्मे पुसले होते, ते परत मिळाले नाहीत.

कानाचं औषध सगळं मिळून २,७०० रुपयांचं झालं. तीन आठवड्यांत कान बरे झाले. पट्ट्याची भीती राहिलीय. साधा साखळीचा पट्टा हातात घेतला तरी सोन्या भिंतीला चिकटतो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पट्टा जमिनीवर ठेवते आणि शेजारी उकडलेल्या चिकनचा तुकडा. आधी हातभर लांबून खायचा, आता पट्ट्यावर पाय ठेवून खातो. भाचा डिसेंबरात आला होता, दाराबाहेरूनच त्याला हाक मारून गेला.

गेल्या आठवड्यात सांगलीच्या एका ताईंनी ओळखीतून नंबर काढून फोन केला. नवं नाव, नवा फोटो, पण जाहिरातीतलं वाक्य तेच, ‘लोकल डॉक्टर फिजिकल बघतात’. ताईंनी १,२०० भरले होते, पॅकेजचे भरायचे होते. त्यांचा रॉकी जिना चढताना कुणी जवळ गेलं की अंगावर येतो म्हणाल्या. मी पैशांचं नंतर बोलले. आधी विचारलं, जिना चढताना तो मागचा पाय आखडतो का? त्या थांबल्या, आणि म्हणाल्या, “थांबा, बघून सांगते.”