आठशे रुपयांत घेतलेला ‘डिजिटल’ गेम

गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक हा व्हिडिओ गेम नोव्हेंबर 2022 मध्ये आला तेव्हा आपल्याकडे सोनीच्या पीएस4 (प्लेस्टेशन 4) कन्सोलसाठी 3,999 रुपयांना होता, पीएस5 साठी 4,999. एवढे पैसे दर गेमला मोजणं बहुतेक घरांत शक्य नसतं. म्हणून आम्ही जुन्या डिस्क घेतो, खेळून झाल्या की एक्स्चेंज करतो, आणि हा व्यवहार मला अजूनही शहाणपणाचा वाटतो. डिस्क विकत घेतली की ती आपली. पुन्हा विकता येते, मित्राला देता येते.

मला ज्याने फसवलं, त्याने डिस्क विकलीच नाही. ऑनलाइन जाहिरातीत ‘सेकंड हँड डिजिटल, प्रायमरी, लाइफटाइम वॉरंटी’ असं लिहिलं होतं. डिजिटल म्हणजे डिस्कशिवाय, अकाउंटवरून डाउनलोड होणारा गेम. यूपीआयने आठशे रुपये घेऊन त्याने एका अकाउंटचा आयडी-पासवर्ड पाठवला. ते अकाउंट मुलाच्या पीएस4 वर प्रायमरी केलं, म्हणजे त्या अकाउंटचे गेम त्या कन्सोलवर कुणालाही खेळता येतात, गेम डाउनलोड झाला, मुलगा आपल्या स्वतःच्या अकाउंटवरून खेळू लागला. सुट्टी संपत आली आणि एके दिवशी गेमच्या चित्रावर कुलूप दिसलं. पासवर्ड बदललेला, माझा नंबर ब्लॉक.

यामागची युक्ती सगळ्यांनी समजून घ्यावी. अकाउंटला जोडलेला ईमेल विक्रेत्याचा, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. सोनीच्या वेबसाइटवरून सगळी कन्सोल एकदम डीअ‍ॅक्टिव्हेट करण्याची सोय सहा महिन्यांतून एकदा मिळते. ती वापरली की आपलं कन्सोल बाद आणि तोच गेम पुढच्या गिऱ्हाइकाला विकायला मोकळा. अकाउंट विकणं सोनीच्या नियमांतच बसत नाही, त्यामुळे कस्टमर केअरकडे दाद मागायला जागाच राहत नाही. मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. रकमेपेक्षा मला जास्त राग याचा आहे की असले लोक शाळकरी मुलांचा खाऊचा पैसा हेरतात.

डिस्क घेतानाही डोळे उघडे हवेत. शक्यतो समोरासमोर भेटा आणि विक्रेत्याच्याच कन्सोलवर ती पूर्ण इन्स्टॉल होऊ द्या. मेनू उघडला म्हणजे डिस्क चांगली, असं नसतं, खराब डिस्क बऱ्याचदा कॉपी होतानाच मध्ये अडकते. या गेमच्या डिस्क ब्लू-रे प्रकारच्या, त्यांचा डेटा पृष्ठभागाच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे खोल ओरखडा ‘पॉलिश करून देतो’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. डब्यातले बोनस कोड एकदाच चालतात, जुन्या डब्यात ते वापरलेलेच धरा. रेड डेड रिडेम्प्शन 2 सारख्या गेमच्या पीएस4 वर दोन डिस्क असतात, डेटा आणि प्ले. नुसती प्ले डिस्क स्वस्तात मिळाली तर गेम इन्स्टॉलच होणार नाही. आणि ज्यात डिस्क ड्राइव्हच नाही असं डिजिटल एडिशन कन्सोल घरी असेल आणि त्याला वेगळा ड्राइव्हही जोडलेला नसेल, तर जुन्या गेमचा हा बाजार तुमच्यासाठी नाही. तिथे ‘सेकंड हँड’ म्हणून जे विकलं जातं, ते असलंच कुणाचं तरी अकाउंट असतं.