मार्केट की रिस्लिंग?

भाचा मिनेसोटात द्राक्षं लावतोय. फोनवर म्हणाला, “मामा, मार्केट लावू की रिस्लिंग?” मला आधी शाहू मार्केट यार्डच आठवलं! पण ही मार्केट (Marquette) म्हणजे मिनेसोटा विद्यापीठाने 2006 साली आणलेली वाइन द्राक्षाची संकरित जात, पिनो न्वार या फ्रेंच लाल वाइनच्या द्राक्षाची नातच. रिस्लिंग ही जर्मनीची, पांढऱ्या वाइनची जात.

आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठी गोडी बहार छाटणी, की पुन्हा फूट. तिकडे थंडी उणे 30 अंश सेल्सिअसला जाते. रिस्लिंगचे डोळे, म्हणजे फुटीच्या कळ्या, उणे 25 च्या आसपासच जळायला लागतात. म्हणजे दर हिवाळ्यात वेल तारेवरून सोडून आडवा करायचा, वर माती ओढायची आणि वसंतात खोड न दुखवता उकरून काढायचा. शंभर वेलांना हे जमेल, दोन एकराला मजूर कुठून आणणार?

मार्केट उघड्यावर तग धरते. खोट एकच: लवकर फुटते, मग वसंतात उशिरा पडणारं गोठलेलं दव कोवळी फूट काळी करतं. म्हणून उतारावर लावायची, थंड हवा खाली वाहून जाते. वाइन लाल, आंबटपणा जरा जास्तच. रिस्लिंगचा सुगंध तिला नाही, हे कबूल.

मी त्याला मार्केटच लाव म्हटलं. हौसेला रिस्लिंगची एक ओळ, घराजवळ.