हायड्रस-१डी : काही महिने वापरल्यावर

पिकाच्या मुळांच्या थरात पाणी किती टिकतं आणि किती खाली झिरपून जातं, याचा हिशेब मांडायला गेले काही महिने हायड्रस-१डी वापरतोय. सॉफ्टवेअर मोफत आहे आणि आतलं गणित भक्कम: मातीतल्या पाण्याची हालचाल सांगणारं १९३१ चं रिचर्ड्स समीकरण, सोबत व्हॅन गेनुख्टेन यांनी १९८० मध्ये मांडलेलं धारणवक्राचं (किती ओढीला मातीत किती पाणी उरतं त्याचं) सूत्र. माती वाळू लागली की आधी मोठी छिद्रं रिकामी होतात, पाण्याला अरुंद वाटाच उरतात आणि संवाहकता, म्हणजे पाणी वाहू देण्याची क्षमता, हजारो पटींनी घसरते. हे आलेखावर प्रत्यक्ष बघायला मिळतं, आणि मला तरी ते अजून थक्क करतं.

पण उत्तराची खरी मदार मातीच्या गुणांकांवर आहे. तयार यादीत मातीचे बारा प्रकार आहेत. त्यात पोयट्याची संपृक्त (छिद्रं पाण्याने पूर्ण भरलेली असतानाची) संवाहकता दिवसाला २४.९६ सेंमी, वाळूची ७१२.८ सेंमी. आकडे नेमके दिसतात, पण ती अनेक नमुन्यांची सरासरी आहे, तुमच्या जमिनीची मोजणी नव्हे. वाळू, गाळ, चिकणमातीचं प्रमाण आणि घनता दिली की त्यातलंच 'रोझेटा' हे साधन त्यावरून गुणांकांचा अंदाज काढतं. यादीपेक्षा ते बरं. ३३ आणि १५०० किलोपास्कल ओढीला मोजलेला ओलावा हाताशी असेल तर तोही जरूर द्या.

वेगवेगळ्या खोलीवरच्या ओलाव्याच्या नोंदींवरून उलट गणित करून गुणांक काढण्याची सोयही आहे. तिथे सगळेच गुणांक एकदम मोकळे सोडू नयेत. अल्फा, एन (हे दोन धारणवक्राचा आकार ठरवतात) आणि संवाहकता एकमेकांची कसर भरून काढतात. वक्र सुरेख जुळतो आणि गुणांक मात्र भलतेच निघतात.

भारी चिकणमातीत एन १.०९ च्या आसपास असतो. तेव्हा संपृक्ततेजवळ संवाहकता एकदम कोसळते आणि गणन अडखळतं. हवाप्रवेशाचा दाब (ज्याला छिद्रांत हवा शिरू लागते तो) उणे २ सेंमी धरण्याचा पर्याय त्यासाठीच आहे, तो निवडा. भेगांतून सरळ खाली उतरणारं पाणी मात्र साध्या प्रारूपात येत नाही. दुहेरी सच्छिद्रतेचे (मोठ्या वाटा आणि बाकीची माती वेगळी धरणारे) पर्याय आहेत, पण त्यांचे जादा गुणांक मोजायची सोय नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

कोरड्या जमिनीवर जोराचा पाऊस दाखवायचा असेल तर पृष्ठभागाजवळ नोड, म्हणजे गणनाचे बिंदू, दाट ठेवा. खालच्या सीमेला 'मुक्त निचरा' (पाणी फक्त गुरुत्वाने खाली जातं ही अट) निवडाल तो भूजल खोल असेल तेव्हाच. लायसिमीटरला, म्हणजे निचरा मोजायच्या मातीच्या टाकीला, झिरपपृष्ठाची (तळ संपृक्त झाल्यावरच पाणी बाहेर पडतं ही) अट लागते. आणि दर वेळी जलताळेबंदाची फाइल उघडा. चूक एक टक्क्याच्या वर असेल तर ते आलेख कुणाला दाखवू नका.